‘पण’मधला अ कुठे गेला? मोबाइलवरची मराठी आणि शुद्धलेखनाचा घोळ

भाचीचा मामाला मेसेज येतो, रोमन अक्षरांत: आधी के-वाय, मग जागा सोडून के-आर-टी-वाय. पहिला शब्द ‘काय’, हे लगेच कळतं. दुसरा मात्र तीन तऱ्हांनी वाचता येतो: करतोय, करतेय, करताय. समोरचा पुरुष आहे की बाई, त्याला अरेतुरे करायचं की अहोजाहो, हे मराठी क्रियापद आपल्या शेपटीत सांगत असतं. या चार अक्षरांत ती शेपटीच कापली गेली आहे. मामांनी मनात ‘करताय’ वाचलं तर भाची गुणाची, ‘करतोय’ वाचलं तर वाया गेलेली. भाचीने यातलं काहीच लिहिलेलं नाही.

मोबाइलने मराठी बिघडवली का, हा वाद असल्या मेसेजांवरून पेटतो आणि लगेच भरकटतो, कारण तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात कोंबल्या जातात. पहिली म्हणजे लेखन: शब्द कोणत्या अक्षरांनी, कोणत्या वेलांटीने लिहायचा. दुसरी व्याकरण: वाक्यात शब्द एकमेकांशी कसे जुळतात. तिसरी रीत: कोणाशी कसं बोलायचं. ‘आणी’ लिहिलं तर लेखन चुकलं. ‘माझी मदत कर’ म्हटलं तर व्याकरणाची घडी हलली. आणि मुख्याध्यापकांच्या चार ओळींच्या निरोपाला नुसतं ‘के’ असं उत्तर धाडलं, तर लेखन आणि व्याकरण दोन्ही निर्दोष असूनही रीत चुकली. तिन्ही दुखण्यांवर औषध वेगळं आहे. चॅटच्या भाषेवर होणारे आरोप बहुतेक पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारचे असतात, बोट मात्र दरवेळी व्याकरणाकडे दाखवलं जातं.

सा. न. वि. वि.

शब्द तोडून लिहिण्याची सवय मोबाइलने लावली असं ज्यांना वाटतं, त्यांनी घरातलं एखादं जुनं पोस्टकार्ड काढून बघावं. वर ‘ती.’ किंवा ‘चि.’, पत्त्यात ‘मु. पो.’, सुरुवातीला ‘सा. न. वि. वि.’, लहानांना ‘अ. उ. आ.’ आणि खाली उरलेल्या जागेत ‘ता. क.’. साष्टांग नमस्कार विनंती विशेष हे चार शब्द चार अक्षरांत बसवणारी पिढी आपल्या नातवाच्या ‘एच-बी-डी’वर (हॅपी बर्थडे) रागावते, हे गमतीचं आहे. दोन्हीकडे कारण एकच: जागा कमी, मजकूर ठरावीक आणि वाचणाऱ्याला तो आधीच पाठ.

ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच. पेशवाईतला आणि नंतरचाही बराचसा कारभार ज्या मोडी लिपीत चालला, त्या मोडीत ऱ्हस्व-दीर्घ असा भेदच नाही. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली लिहीत सुटायचं. त्या लिपीत तह झाले, कर्जखतं झाली, जमिनीचे निवाडे झाले. वाचणाऱ्याला संदर्भ ठाऊक असला की वेलांटीवाचून अडत नाही. मात्र संदर्भ ठाऊक नसलेल्या माणसासाठी, शंभर वर्षांनी वाचणाऱ्यासाठी किंवा यंत्रासाठी लिहायचं असेल तर अडतं. हा फरक पुढे लागणार आहे.

१६० आणि ७०

मराठी माणूस मोबाइलवर रोमनमध्ये का लिहायला लागला, याचं उत्तर आळसात नाही, हिशेबात आहे.

एसएमएसची लांबी १६० अक्षरं. १९८५ च्या सुमारास बॉनमध्ये फ्रीडहेल्म हिलेब्रांड या अभियंत्याने टाइपरायटरवर वाक्यं लिहून मोजली. बहुतेक निरोप १६० च्या आत संपतात असं त्याला दिसलं. पोस्टकार्डांवरचा मजकूरही साधारण तेवढाच निघाला. पुढे ३ डिसेंबर १९९२ ला ब्रिटनमध्ये पहिला एसएमएस गेला.

एका मेसेजला १४० बाइट म्हणजे ११२० बिट मिळतात. इंग्रजी अक्षर ७ बिटांत बसतं, म्हणून ११२० भागिले ७, बरोबर १६०. देवनागरी अक्षर या पद्धतीत १६ बिट खातं. ११२० भागिले १६, फक्त ७०. त्यातही मेसेजमध्ये एकच देवनागरी अक्षर आलं तरी सगळा मेसेज ७० च्या पेटीत जातो. शिवाय आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते यंत्राला एक नसतं. काना वेगळा, वेलांटी वेगळी, पाय मोडण्याचं चिन्हही वेगळं. ‘स्वातंत्र्य’ आपल्या डोळ्यांना तीन अक्षरं, यंत्राला अकरा. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ मधल्या दोन मोकळ्या जागा धरून २९ घरं खातं, म्हणजे ७० मधला बराच भाग शुभेच्छा देण्याआधीच संपला. आता नाव, ‘तुला’, ‘खूप खूप’ आणि खाली सही कुठे बसवणार?

पैशांचा हिशेबही होता. स्वस्त एसएमएसचे पॅक दिवाळी आणि नववर्षाच्या दिवशी चालत नसत, म्हणजे नेमके शुभेच्छा पाठवायच्या दिवशी प्रत्येक मेसेजला पूर्ण पैसे. आणि बऱ्याच हँडसेटांवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. इतकं करून पाठवलेलं समोरच्याला वाचताच येणार नसेल तर कोण पाठवेल?

बटणांचा त्रास वेगळाच. जुन्या कीपॅडवर एस हे अक्षर सातच्या बटणावर चौथं. ‘असं’ हा एवढासा शब्द रोमनमध्ये लिहायला दोनचं बटण एकदा, सातचं चारदा आणि परत दोनचं एकदा, असे सहा दाब लागत. एक स्वर गाळला की एक दाब वाचतो. बसमध्ये एका हाताने दांडा धरून उभ्या असलेल्या माणसाला हा हिशेब कोणी शिकवावा लागला नाही.

स्वर गाळले की गिळले?

आता मुद्द्याचा भाग. ‘पण’ म्हणजे पी-एन, ‘मग’ म्हणजे एम-जी, ‘तर’ म्हणजे टी-आर, ‘बघ’ म्हणजे बी-जी-एच. इंग्रजी वाचणाऱ्याला ही नुसती हाडं दिसतात. देवनागरी वाचणाऱ्याला मात्र हे सरळ वाचता येतं, कारण देवनागरीत ‘पण’ लिहिताना तरी आपण काय लिहितो? प आणि ण. दोनच अक्षरं. त्यांच्यातला अ आपण कधीच लिहीत नाही, तो व्यंजनाच्या पोटात असतो. पी-एन लिहिणारी मुलं रोमन अक्षरं देवनागरीच्या नियमाने वापरत आहेत. लिपी परकी आणि वळण घरचं. इंग्रजी मेसेजातही स्वर गळतात, पण मराठीत ते गाळणं इतकं सहज पचतं त्यामागे ही जुनी सवय आहे.

पंचाईत होते ती दुसऱ्याच ठिकाणी. अ गाळता गाळता आ, ओ, ए हेही गळतात. ‘काय’ केवळ के-वाय उरतो. तिथे देवनागरीचं वळण संपलं आणि नुसतीच काटछाट सुरू झाली. भाचीच्या मेसेजात हेच झालं: करतोयमधला ओ, करतेयमधला ए आणि करतायमधला आ हेच तर अर्थ सांगत होते.

दुसरी पंचाईत व्यंजनांची. रोमनमध्ये ण आणि न दोन्हींना एन, ळ आणि ल दोन्हींना एल, त-ट दोन्हींना टी, द-ड दोन्हींना डी. एम-ए-एल-ए असं लिहिलं तर मला, माला, माळा, मळा यांतलं काहीही असू शकतं. के-ए-डी-एच-आय म्हणजे कधी की कढी? ‘आज करणार का?’ असं पुढे असलं तर उत्तर स्वयंपाकघरात शोधायचं की कॅलेंडरवर, हे आधीच्या मेसेजवर ठरतं. चालू गप्पांमध्ये याचा त्रास होत नाही. तोच मेसेज आठवड्याने शोधायला गेलात तर शोध चौकटीत नेमकी कोणती अक्षरं टाकायची तेच आठवत नाही, कारण त्याच माणसाने ‘आहे’ हा शब्द एकाच दिवसात तीन तऱ्हांनी लिहिलेला असतो.

यात दोष रोमन लिपीचा नाही, तिच्यात मराठीसाठी ठरलेली पद्धत नसण्याचा आहे. १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते मराठी काव्य रोमन अक्षरांतच होतं, आणि त्यात ळ साठी एल दोनदा लिहायची सोय केलेली होती. गोव्यात कोकणी रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, आजही लिहिली-छापली जाते, तिथे श साठी एक्स हे ठरलेलं आहे. म्हणजे रोमन मराठीला चारशे वर्षांचा इतिहास आहे. मोबाइलवरच्या रोमन मराठीला मात्र असा कोणताच करार नाही. प्रत्येकाची पद्धत वेगळी, आणि एकाच माणसाची सकाळची वेगळी आणि रात्रीची वेगळी.

लघुरूपांनी मुलांचं वाचन-लेखन बिघडतं का, याचा अभ्यास इंग्रजीत झाला आहे. ब्रिटनमध्ये कॉव्हेंट्री विद्यापीठातल्या बेव्हर्ली प्लेस्टर आणि क्लेअर वुड यांनी १० ते १२ वर्षांच्या मुलांचे मेसेज तपासले. लघुरूपं जास्त वापरणारी मुलं शब्दवाचनात मागे नव्हती, उलट दोन्हींचा संबंध चांगल्या बाजूने दिसला. कारण सरळ आहे. शब्द आखूड करायचा तर कोणतं अक्षर कोणता आवाज देतं हे पक्कं ठाऊक हवं. अर्थात हा निष्कर्ष इंग्रजीचा आहे. मराठी मुलगा रोमनमध्ये शब्द आखूड करतो तेव्हा त्याचा हात वेलांटी-उकाराकडे वळतच नाही. त्याला देवनागरीचा सराव वेगळा मिळाला नाही तर वेलांट्या डळमळणारच. तिथे दोष लघुरूपाचा नाही, न झालेल्या सरावाचा आहे.

देवनागरी आली, चुका बदलल्या

स्मार्टफोन आले, देवनागरी नीट दिसायला लागली, आयआयटी मुंबईचा स्वरचक्र हा कीबोर्ड २०१३ मध्ये आला, रोमनमध्ये टंकून देवनागरी मिळवण्याची सोय झाली, २०१७ मध्ये गूगलने मराठीत बोलून टंकायची सोय दिली. गप्पा एसएमएसवरून चॅटवर गेल्या आणि ७० अक्षरांची पेटी मागे पडली. आता निरोपाला लांबीची भीती नाही, आणि चुका नव्या जातीच्या झाल्या. यातल्या कित्येक चुका माणसाच्या कमी आणि कीबोर्डाच्या जास्त आहेत.

सगळ्यात जास्त दिसणारी म्हणजे तुटलेले शब्द: ‘वाढदिवसा निमित्त’, ‘आपल्या मुळे’, ‘सर्वां साठी’. कीबोर्ड सुचवलेला शब्द निवडला की पुढे आपोआप जागा सोडतो. मग ‘निमित्त’ टंकलं की ते वेगळं पडतं. कसोटी सोपी आहे. तोडलेला पहिला तुकडा एकटा उभा राहतो का ते बघा. ‘वाढदिवसा’ असा शब्द मराठीत एकटा येत नाही. ते ‘वाढदिवस’चं सामान्यरूप आहे, पुढे काहीतरी जोडलं जाणार म्हणूनच शब्द वाकला आहे. वाकलेला शब्द पुढच्याला चिकटवायचा. दुसरा तुकडा टंकण्याआधी एकदा बॅकस्पेस दाबला की काम झालं.

दुसरी, शोकसंदेशातली: ‘श्रध्दांजली’. आधी अर्धा द, मग पूर्ण ध, म्हणून ‘श्रद्धांजली’. जोडाक्षरात एकाच वर्गातली दोन व्यंजनं आली आणि त्यात एक हकारयुक्त असलं, तर ते दुसऱ्या जागी येतं: अच्छा, पत्थर, बुद्धी, शुद्ध. उच्चारून बघा. ‘ध्द’ म्हणायला गेलं तर मध्ये श्वास सोडून थांबावं लागतं, जीभच नकार देते. गंमत म्हणजे ‘शुध्दलेखन’ असं लिहिलेले फलक आणि पुस्तकांची मुखपृष्ठंही दिसतात.

तिसरी ‘शेतकर्यांना’. र चा पाय मोडून य लिहिला की यंत्र नियमाप्रमाणे रफार काढून य च्या डोक्यावर ठेवतं, सूर्य किंवा कार्य या शब्दांत असतो तसा. मराठीला इथे आडवा, डोळ्याच्या पापणीसारखा र हवा असतो: शेतकऱ्यांना. अर्थाचाही फरक पडतो. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरांतल्या. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना पानं किती ते सांगायचं. यासाठी वेगळं अक्षर आहे, खाली टिंब असलेला ऱ. अनेक मोबाइल कीबोर्डांत र दाबून धरला की तो वर येतो. संगणकावर इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी वापरत असाल तर शिफ्टसह जे, मग पाय मोडायला डी, य साठी तिरकी रेघ आणि काना हवा तर ई: ऱ्या. चार कळा, एकदा बोटांत बसल्या की बसल्या.

चौथी दिसतच नाही, म्हणून जास्त छळते. ‘ॲप’मधलं पहिलं अक्षर दोन तऱ्हांनी तयार होतं: एक अखंड ॲ, आणि दुसरं अ वर वेगळी चंद्रकोर ठेवून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते वेगळे शब्द. अखंड ॲ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ ला आला आणि महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने ॲ आणि ऑ वर्णमालेतही बसले. त्यामुळे यादीत ‘ॲड्रेस’ शोधला आणि सापडला नाही, तर आधी हीच शंका घ्यावी.

वेलांट्यांबद्दल थोडक्यात. सध्याचे नियम मराठी साहित्य महामंडळाचे. शासनाने १९६२ मध्ये त्यांतले १४ स्वीकारले, १९७२ मध्ये चार वाढले, एकूण १८. मोबाइलवर रोज लागणारे त्यातले दोनच. शब्दाच्या शेवटचे इ-उ दीर्घ लिहायचे: मी, की, कवी, गुरू. याला ‘आणि’, ‘नि’ असे मोजके अपवाद. म्हणजे ‘आणी’ लिहिणारा अडाणी नसतो, तो नियम पाळतो आणि अपवाद विसरतो. हसणाऱ्याला सहसा फक्त अपवाद पाठ असतो. दुसरा नियम असा: दूध, मूल, फूल, गरीब यांना प्रत्यय लागला की आधीचा स्वर आखडतो: दुधाला, मुलाला, फुलांचा, गरिबांना. बाकी शुभेच्छांच्या मोसमात ‘हार्दिक’ची वेलांटी ऱ्हस्व (सामाजिक, धार्मिक, मार्मिक यांच्यासारखीच) आणि ‘आशीर्वाद’ची दीर्घ, एवढं सांभाळलं तरी कुटुंबाचा ग्रुप निम्मा सुधारतो.

केलं की केले?

चॅटमधल्या मराठीवर शाळेतल्या मास्तरांचा सगळ्यात जुना राग या टिंबावर आहे. ‘मी सांगितलं’, ‘घरं’, ‘जाणं’ ही बोलीतली रूपं, लेखात ‘सांगितले’, ‘घरे’, ‘जाणे’ हवं, असं शिकवलं जातं. नियमांतही अनुस्वारी रूपाला जागा आहे ती पात्राच्या तोंडी बोलणं घालताना.

आता हे टिंब आलं कुठून ते बघा. १९६२ च्या आधीची पुस्तकं उघडली तर तिथे ‘केलें’, ‘घरें’, ‘जाणें’, ‘नांव’, ‘कांहीं’ असं छापलेलं दिसतं. उच्चारात न राहिलेले हे अनुस्वार नियमांनी काढून टाकले आणि ‘केले’ उरलं. बोलण्यात मात्र उलटं घडलं होतं: मात्रा गेली आणि टिंब राहिलं, ‘केलं’. म्हणजे मेसेजमध्ये मुलं जे टिंब देतात ते त्यांनी उपटून आणलेलं नाही, ते पणजोबांच्या पुस्तकातलंच आहे. आज वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, कथा, ललित लेख सर्रास ‘केलं’ने लिहिले जातात. हा लेखही. इथे दृष्टिकोन खरोखर बदलला आहे आणि तो मोबाइलच्या आधीपासून बदलत होता.

चूक होते ती दोन ठिकाणी. एक, मिसळ. ‘पत्र पाठवले पण उत्तर आलं नाही’ यात एक पाय कचेरीत आणि एक कट्ट्यावर. दुसरी, टिंबाचा अतिरेक. प्रत्येक ‘ए’चा ‘अं’ होत नाही. नपुंसकलिंगी रूपांचा होतो: माझे घर, माझं घर, मुले आली, मुलं आली. पुल्लिंगी अनेकवचनाचा होत नाही: आंबे आंबेच राहतात, ‘माझे मित्र आले’चं ‘माझं मित्र आलं’ करता येत नाही. ‘तिने’चं ‘तिनं’ होऊ शकतं, पण ‘ने’ बहुतेक जण तसाच ठेवतात.

पूर्णविरामाला आलेला राग

‘बरं’ आणि ‘बरं.’ हे दोन मेसेज सारखे नाहीत, हे विशीतल्या कोणालाही विचारा. दुसऱ्यात कोणीतरी रुसलं आहे. पन्नाशीतल्या माणसाला यातला फरकच दिसत नाही, कारण तो आयुष्यभर वाक्य संपलं की टिंब देत आला आहे. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात २०१५ मध्ये १२६ विद्यार्थ्यांना छोटी उत्तरं वाचायला दिली गेली. मोबाइल मेसेजमधल्या पूर्णविरामवाल्या उत्तरांना त्यांनी कमी मनापासूनची ठरवलं. हीच उत्तरं हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवली तेव्हा तसं वाटलं नाही.

कारण असं की चॅटमध्ये ‘पाठवा’चं बटण दाबणं हाच पूर्णविराम असतो. मग वरून दिलेलं टिंब फाजील ठरतं, आणि फाजील खुणेला माणसं अर्थ चिकटवतात. आवाजाचा चढउतार नसलेल्या जागी तो आणायला मिळेल ते वापरलं जातं. लांबवलेल्या ‘हो’साठी मराठी छपाईत पूर्वीपासून अवग्रह आहे, ‘होऽऽ’, ‘अगंऽऽ’. मोबाइलवर तो चटकन सापडत नाही, म्हणून मुलं ‘होओओओ’ लिहितात. खूण बदलली, हेतू तोच.

आणि पूर्णविराम हा काही ज्ञानेश्वरांच्या काळापासूनचा मानकरी नाही. जुन्या पोथ्यांत दंड असत, मोडीत तेही नसत. आपली आजची विरामचिन्हं इंग्रजीच्या धर्तीवर एकोणिसाव्या शतकात इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांच्या खटपटीने मराठीत रुळली. पावणेदोनशे वर्षांपूर्वी आलेला पाहुणा एका खोलीतून उठून गेला, एवढंच झालं आहे. बाकीच्या खोल्यांत तो लागतोच.

व्याकरण खरोखर कुठे हलतंय

‘माझी मदत कर’, ‘त्याने माझी मदत केली’. मराठीत मदत ‘ला’ होते: मला मदत कर. हे वळण हिंदीचं, आणि ते मालिका, जाहिराती, मुंबईतलं रोजचं बोलणं यांतून येतं. मेसेजमध्ये ते फक्त दिसतं. ‘तो बोलला की येतो’ हेही तसंच. मराठीत ‘तो म्हणाला’. चॅटची लघुरूपं बंद केली तरी या वाक्यांना काही होणार नाही.

‘पुस्तक भेटलं’ वेगळं. प्रमाण मराठीत माणूस भेटतो आणि वस्तू मिळते. राज्याच्या अनेक भागांतल्या बोलींत मात्र वस्तूही भेटते, आणि तिथे ते हिंदीतून आलेलं बिघडलेपण नाही. ‘पानी’, ‘आनी’, ‘कोन’ लिहिणाऱ्याच्या घरात ण असाच उच्चारला जातो. पूर्वी ही माणसं लिहीतच नव्हती किंवा त्यांचं लिहिलेलं छापखान्यात सुधारून मग बाहेर येई. आता मधला मुद्रितशोधक गेला आणि बोली थेट पडद्यावर आली. न-ण वरून थट्टा करणाऱ्याला वाटतं आपण भाषा राखतोय. प्रत्यक्षात तो समोरच्याच्या गावाची आणि जातीची चौकशी करत असतो. म्हणूनच अनेक अभ्यासक ‘शुद्धलेखन’ऐवजी ‘प्रमाणलेखन’ हा शब्द पसंत करतात. ‘शुद्ध’ म्हटलं की उरलेलं आपोआप अशुद्ध होतं. प्रमाण म्हणजे सगळ्यांनी मापायला ठरवलेली एक फूटपट्टी. ती कोणाच्या घरच्या बोलण्यावर निकाल देत नाही.

फूटपट्टी मात्र हवीच, कारण मघाचा मोडीचा मुद्दा. संदर्भ ठाऊक नसलेल्या माणसासाठी लिहिताना एकच रूप लागतं. सोसायटीची पाण्याची नोटीस, बँकेला अर्ज, लग्नपत्रिका, शोकसंदेश, गावच्या यात्रेचा फ्लेक्स, शाळेच्या ग्रुपवर टाकलेली सूचना: इथे वाचणारा परका असू शकतो, आणि फ्लेक्स तर महिनाभर चौकात राहतो. अशा मजकुरासाठी पाच मिनिटं खर्चायला हरकत नाही. रोमन सोडून देवनागरीत लिहा. केले-केलं यातलं एक धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. तुटलेले शब्द जोडा, ऱ्या आणि द्ध तपासा. तारखा, वेळा आणि रकमा आकड्यांत लिहा. बोलून टंकलं असेल तर विरामचिन्हं बघा, ती बहुधा आपल्यालाच घालावी लागतात आणि ‘उद्या पाणी येणार नाही दुपारी येईल’ यात स्वल्पविराम कुठे पडतो त्यावर इमारतीची आंघोळ ठरते. शेवटी एकदा मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडते तिथे बहुतेक काहीतरी राहिलेलं असतं.

मैत्रिणीशी रात्री अकरा वाजता चाललेल्या गप्पांना यातलं काहीही लावायची गरज नाही. मामांच्या मेसेजचं म्हणाल, तर तिथे देवनागरीसुद्धा लागत नव्हती. के-आर-टी आणि वाय यांच्या मध्ये एक ए घातला असता तरी ‘करताय’ झालं असतं.